पडद्यापलीकडचं मनगट

नडगीत सळई घालून आता दीड वर्ष झालं. पाय बरा आहे. डावा हात खांद्यातून कानापर्यंत वर जातो, पुढं थोडा अडतो. नांदूरघाटला आमचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं मी पुन्हा दिवसभर बसतो, वरच्या फळीवरचं पातेलं स्वतः काढतो. हाड मोडल्यावर ॲक्युपंक्चरच्या सुया घेतल्या तर फरक पडतो का, असं विचारायला अधूनमधून लोक दुकानात येतात. मी सांगतो, मला पडला. ते समाधानानं जातात आणि मला दिवसभर चैन पडत नाही. अर्धंच सांगितलं असं वाटत राहतं. म्हणून सगळंच लिहून काढतोय.

पालीच्या पुढं

बीडला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं, दुपारचा मुहूर्त. जेवणं झाल्यावर दोन जुन्या मित्रांनी मला कार्यालयाच्या मागं उभ्या असलेल्या गाडीत नेलं. मी पितो हे त्या दोघांना आणि माझ्या बायकोला, महानंदाला, एवढ्यांनाच माहीत होतं. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. गावातल्या समाजाच्या मंडळाचं काम माझ्याकडं असायचं, लोक मन्मथअप्पा म्हणून मान द्यायचे. त्या लग्नाच्या दोनच महिने आधी मठातल्या कार्यक्रमात मी तरण्या पोरांपुढं व्यसनावर बोललो होतो. टाळ्याही घेतल्या होत्या.

मोटरसायकलपाशी आलो तेव्हा महानंदाला वास आला. ती हळूच म्हणाली, "गाडी राहू द्या हितंच. एश्टीनं जाऊ."

मी म्हणालो, "मुकाट्यानं बस."

ती बसली.

बिंदुसरेचं धरण दिसलं, पाली गाव मागं पडलं. पुढचं वळण मला दिसलं होतं, हे अजून पक्कं आठवतं. दिसलं, पण हात वळले नाहीत. गाडी मुरमात उतरली, दगडावर आदळली आणि पुढचं काही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा भोवती माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत महानंदाचा आवाज आला. ती जमिनीवर बसली होती, उजवं मनगट डाव्या तळहातात धरून.

"डुक्कर आडवं आलं," ती म्हणाली.

मग सरकत माझ्याजवळ आली आणि पदरानं माझं तोंड पुसायला लागली. ती रक्त पुसतेय असं लोकांना वाटलं. ती वास पुसत होती.

नऊ दिवस

बीडच्या एका खाजगी दवाखान्यात आम्हाला नेलं. माझ्या डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले होते, डाव्या खांद्याचं हाडही मोडलं होतं. तिचं मनगट मोडलं होतं. माझं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं. तिला त्याच दिवशी प्लास्टर घालून घरी जा म्हणाले. ती गेली नाही. माझ्या खाटेशेजारी चटई टाकून राहिली.

दवाखान्यात सकाळ फिनाइलच्या वासानं व्हायची. मग ताप-बीपी, मग ड्रेसिंग, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरी दोन मिनिटांची, पण तिची वाट बघण्यात आमचा अर्धा दिवस जायचा. मला एकच भीती होती, पाय आखूड राहील. रोज तेच विचारायचो. डॉक्टर रोज नाही म्हणायचे आणि मी रोज विश्वास ठेवायचो नाही.

पहिल्यांदा महानंदानं डाव्या हातानं मला बेडपॅन दिलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून रडलो. लाज वाटली होती. आज विचार करतो तेव्हा त्या लाजेचीच लाज वाटते. एका हाताला प्लास्टर असलेली बाई ते भांडं उचलून संडासापर्यंत कशी नेत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मला फक्त माझी पत गेल्यासारखं वाटत होतं.

भेटायला माणसं यायची आणि मी डुकराची गोष्ट सांगायचो. पहिल्या दिवशी नुसतं डुक्कर आडवं आलं होतं. आठवड्याभरात त्याला सुळे आले, मागं पिल्लं आली. मी किती शिताफीनं गाडी वळवली तेही आलं. महानंदा मान खाली घालून ऐकायची. एक नातेवाईक बाई तिला म्हणाल्या की मागं बसणाऱ्यानं तोल सांभाळायचा असतो, तू घट्ट धरलं नसशील. मी छताच्या पंख्याकडं बघत राहिलो.

घरी

पुण्याहून मुलगा आला, दहा दिवस राहिला, रजा संपली तसा गेला. लातूरची मुलगी येऊन जाऊन असायची. मग घरात आम्ही दोघंच. दीड महिन्यानं तपासणीला गेलो, त्याच दिवशी तिचं प्लास्टर काढलं. माझं हाड जुळत होतं, पण खांदा जखडला होता. केजला फिजिओथेरपीला जायला सांगितलं. तिथल्या बाई हात वर न्यायला लागल्या की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. चौथ्या दिवशी मी त्यांना वाटेल ते बोललो आणि जाणं बंद केलं. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात आग पडायची. झोप नाही, भूक नाही. राग मात्र भरपूर होता.

एकदा चहा कोमट आहे म्हणून मी कप ढकलून दिला. महानंदानं फडकं आणलं आणि डाव्या हातानं फरशी पुसली. डाव्या हातानं, हे मी बघितलं. प्लास्टर निघून महिना झाला होता तरी डाव्या हातानं का, हा प्रश्न मला पडला नाही.

सुया

सुयांचं शेजाऱ्यानं सुचवलं. त्याच्या भावाची कंबर बीडच्या एका ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांकडं सुधारली होती. मी हाडाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घ्या, हरकत नाही, पण व्यायाम सोडू नका. व्यायाम मी आधीच सोडलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

डॉक्टर नसरीन चाळिशीच्या असतील. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आत दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा. त्यांनी आधी सगळे एक्स-रे बघितले, जुनी चिठ्ठी वाचली, मग मला सरळ सांगितलं, "अप्पा, सुईनं हाड जुळत नाही. ते जुळलंय. मी तुमचं दुखणं कमी करायचा प्रयत्न करीन. खांदा वर करणं तुमचं काम. फिजिओथेरपी परत चालू करणार असाल तरच झोपा."

मी झोपलो. खरं सांगायचं तर मला सुईची भयंकर भीती वाटते. त्यांनी माझ्यासमोर नवं पाकीट फोडलं. सुया केसासारख्या बारीक. टोचल्याचं जेमतेम कळलं, पण मग आतून जड झाल्यासारखं, मुंग्या चालल्यासारखं वाटायला लागलं. खांद्यात, हाताला, पायाला मिळून चौदा-पंधरा सुया. वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही.

पहिल्या दोन वेळा काही फरक पडला नाही. पैसे आणि बसचा धक्का फुकट गेला असं मी महानंदाला ऐकवलं. तिसऱ्या वेळेनंतर मात्र बसमध्ये मला गाढ झोप लागली. कितीतरी दिवसांत अशी झोप आली नव्हती. पाचव्या वेळेपर्यंत खांद्याची ठणक इतकी उतरली की केजच्या बाईंनी हात धरला तेव्हा मी ओरडलो नाही. त्यांची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या की सगळेच ओरडतात. गोळ्या निम्म्यावर आल्या. मी खूश होतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी महानंदा माझी पिशवी घेऊन माझ्यासोबत यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची.

पडदा

सातव्या की आठव्या खेपेला असं झालं. मी सुया लावून पडलो होतो. डॉक्टर पुढच्या वेळेची चिठ्ठी द्यायला बाहेर गेल्या. महानंदानं ती डाव्या हातानं घेतली असणार, कारण त्या म्हणाल्या, उजवा हात दाखवा. मग दोघी आत, पडद्यापलीकडच्या खाटेवर येऊन बसल्या. मला दिसत काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का. ती म्हणाली, तेवढं काही नाही.

मग कळवळल्याचा एक आवाज आला.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. दोन बाळंतपणं झाली. तरी तो आवाज मी ओळखला नाही. मला वाटलं, पलीकडं तिसरीच कुणी बाई आलीय.

"बोटं सुजलीत, मूठ वळत नाही. किती दिवस झाले असं?"

"प्लास्टर काढल्यापासून."

"घरी सांगितलं नाही?"

"त्यांनाच लई लागलंय," महानंदा म्हणाली. "दोघंबी पडून राहिलो तर चहा कोण करंल?"

डॉक्टर एकेक विचारत गेल्या. भाकरी कशी थापता? थापत नाही, पोळ्या विकत आणते, भाजी डाव्या हातानं. वेणी कोण घालतं? शेजारची सून रोज सकाळी येऊन घालते, साडीच्या निऱ्याही तीच काढून देते. शेजारची सून रोज सकाळी आमच्याकडं का येते, हे मी इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. कशा पडलात म्हटल्यावर तिनं डुकराचं सांगितलं. माझेच शब्द, सुळ्यांसकट.

उठून पलीकडं जावं असं वाटलं. पण अंगात सुया होत्या, हलता येत नव्हतं. हलता आलं असतं तरी गेलो असतो का, सांगता येत नाही.

हाताचे व्यायाम दिले नव्हते का, असं डॉक्टरांनी विचारलं. महानंदा म्हणाली, कागद दिला होता, हरवंल म्हणून यांच्या फायलीत ठेवायला दिला. डॉक्टरांनी माझी फाईल उघडली. एक्स-रेच्या खाली, तळाशी, चार घड्या घातलेला तो कागद निघाला. वर तिचं नाव. खाली हाताची चित्रं, मूठ वळा, बोटं उघडा, मनगट वर, मनगट खाली. माझ्या सुया काढल्यावर त्यांनी तो मला दाखवला. दर तपासणीला मी ती फाईल उघडून माझे कागद काढत होतो आणि तो एक तसाच खाली ठेवत होतो.

त्यांनी तिला त्या दिवशी सुया लावल्या नाहीत. आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. आम्ही तिथूनच गेलो. हाड जुळलं होतं, किंचित वाकडं. सांधा कडक झाला होता. व्यायाम आणि सुयांनी बराच फरक पडेल, पण वेळेवर सुरुवात झाली असती तर जास्त पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. महानंदानं मान डोलावली. जणू दुसऱ्याच कुणाचा हात होता.

दोन मिनिटं

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ विश्वनाथ तलवाड्याहून बहिणीला बघायला आला. समाजाच्या मंडळातले दोन जणही येऊन बसले होते, पुढच्या कार्यक्रमाला मी बोलावं असं म्हणत होते. विश्वनाथनं तिचा हात बघितला आणि रागावला. म्हणाला, "अक्का, तू नीट धरून बसली असतीस तर हात वाचला असता."

मी म्हणालो, "विश्वनाथ, डुक्कर नव्हतं. मी पिऊन गाडी चालवत होतो. ती एश्टीनं जाऊ म्हणत होती."

मंडळातल्या एकानं कप खाली ठेवला. थोड्या वेळानं दोघं उठले, येतो अप्पा म्हणाले आणि गेले. विश्वनाथ माझ्याकडं बघतच नव्हता. तो बहिणीकडं बघत होता. सख्ख्या भावाशी ती खोटं बोलली होती, ते त्याला लागलं होतं. महानंदा उठून आत गेली.

मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. वाटलंही, तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाईपर्यंत. ती ओट्यापाशी उभी होती.

"चार महिने मी ते तोंडात धरलं," ती म्हणाली. "तुमी दोन मिनिटांत टाकून मोकळं झालात. आता लोक मला इचारतील, तू खोटं कावून बोललीस. मला इचारलं का बोलायच्या आधी?"

खरं बोललो तेही माझ्याच सोयीनं बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावासोबत तलवाड्याला गेली. मी मंडळाला चिठ्ठी लिहून काम सोडलं. राहा असं कुणी म्हटलं नाही.

दोन खाटा

ती दीड महिना माहेरी होती. शेजारच्या सुनेकडून जेवणाचा डबा यायचा, चहा मी करायचो. पहिल्यांदा पातेलं उचलताना खांद्यातून कळ आली आणि मी ओट्याला धरून उभा राहिलो. मोडलेल्या मनगटानं हे रोज होत होतं.

डॉक्टरांनी तिलाही मंगळवार-शुक्रवारच दिला होता. मी नांदूरघाटाहून यायचो, ती तलवाड्याहून. विश्वनाथ तिला सोडायचा आणि माझ्याशी न बोलता बाहेर थांबायचा. एका खाटेवर मी, पडद्यापलीकडं ती. सुया काढल्या की डॉक्टर तिला मूठ वळायला लावायच्या. ती मोजायची, एक, दोन, तीन. सातच्या पुढं आवाज बारीक व्हायचा. मी पलीकडं पडून तिच्यासोबत मनात मोजायचो.

तिसऱ्या खेपेला मी पडद्याकडं बघून म्हणालो, "महानंदा, माझं चुकलं." मोजणं थांबलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात तीच बोलली.

"गोळ्या जेवून घेता का उपाशीपोटी?"

"जेवून," मी म्हणालो.

तेवढंच. डॉक्टर नसरीन खोलीत होत्या, त्या लगेच कापसाचा डबा शोधायला बाहेर गेल्या. डबा टेबलावरच होता. नांदूरघाटला बसमधून उतरेपर्यंत मी तो एक प्रश्न मनात घोळवत होतो.

एका शुक्रवारी सुया झाल्यावर ती बाहेर आली आणि पिशवी घेऊन माझ्या शेजारी बाकावर बसली. घरी येते म्हणाली. दोन गोष्टी बजावल्या. दारू नाही. आणि तुमच्यासाठी मी पुन्हा खोटं बोलणार नाही, कुणाशीच. मी हो म्हणालो. तेव्हापासून प्यालो नाही. याचा अभिमान वाटावा असं काही नाही, दोनदा पाय तिकडं वळले होते. एकदा तर दारापर्यंत जाऊन परत आलो.

आता

तिची मूठ आता बहुतेक वळते. दुखणं सुयांनी बरंच गेलं, बोटांची सूज ओसरली. पण उजवा तळहात पूर्ण वर होत नाही. सकाळी पूजा झाल्यावर तीर्थ घेताना तो तिरका राहतो, तीर्थ सांडू नये म्हणून ती खाली डावा हात धरते. रोज सकाळी मी हे बघतो. डॉक्टर म्हणतात, एवढं राहील. माझा खांदा मात्र सुधारला. ज्यानं पाडलं त्याचं जास्त बरं झालं.

हाड मोडलेल्यांनी माझ्याकडून एवढं घ्यावं. सुयांनी ठणक कमी होते, सगळ्यांची सारखी होते असं नाही. नोंदणी असलेल्या डॉक्टरांकडंच जा, हाडाच्या डॉक्टरांना सांगून जा, पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. दुखणं उतरलं की लगेच व्यायाम करा, नाहीतर सुया वाया. आणि तुमच्यासोबत घरातलं दुसरं कुणी पडलं असेल तर त्याला कुठं दुखतंय ते विचारा. बरं आहे म्हणालं तरी हात हातात घेऊन बघा.

हे लिहायच्या आधी मी महानंदाला विचारलं. ती म्हणाली, लिवा, पण मला दाखवा. लिहून झाल्यावर वही दिली. सातवीपर्यंत शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचते. दोन दिवस लागले तिला. तिच्या हाताबद्दल मी एक वाक्य फार विचार करून लिहिलं होतं, की तिनं सगळं मुकाट्यानं सोसलं. तिथं तिचं बोट थांबलं.

"हे काढा," ती म्हणाली. "सोसलं बिसलं काही न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई, तसं लिवा."

मी ते वाक्य खोडलं. ती म्हणाली तसं लिहिलं आहे.